वेळूथरचा थांबा

हौसाबाईचा घसा सांगून सांगून कोरडा पडला, पण तिचे कुणी खरे मानीना. “आमच्या वेळूथरला माणसं गाडीत चढतात. मी स्वतः चढते,” असे ती ज्याला त्याला सांगे. लोक म्हणत, “बाई, राजाचे कारभारी जातीने बघून गेले. ते काय खोटं बोलतील?”

त्या राज्यात वाऱ्यासारखी धावणारी एक गाडी होती. ती मोठ्या शहरांतच थांबे. तिच्याच रुळांवरून दुसरी एक गाडी गावोगाव थांबत जाई आणि वेगवान गाडी आली की बाजूला उभी राहून तिला वाट देई. वेगवान गाडीच्या वाटेत येते म्हणून कारभारी अमृतरावांच्या डोळ्यांत ही सावकाश गाडी सलत होती. ‘तिथे कुणी चढतच नाही’ असे सांगून त्यांनी तिचा वेळूथरचा थांबाच काढून टाकला. हौसाबाईची लेक नदीपलीकडे नांदत होती. तिचे दिवस भरले होते. आणि नदीवर पूल होता तो फक्त गाडीचा.

राजधानी नदीच्या अलीकडे होती. हौसाबाई पायी चालत गेली आणि थेट दरबारात उभी राहिली.

राजाने विचारले, “अमृतराव, वेळूथरला कुणी चढत नाही हे कशावरून?”

“महाराज, मी फलाटावर उभं राहून एकेकाला विचारलं, ‘जाता का?’ एकही ‘जातो’ म्हणाला नाही. जो तो म्हणे, ‘येतो.’ म्हणजे सगळे येणारेच. जाणारा कोण?”

दरबारात कुणीतरी फिसकन हसले.

हौसाबाई म्हणाली, “महाराज, भरल्या घरातून निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? असं अभद्र बोलायची रीत कारभारीसाहेबांच्या घरी असली तर विचारा.”

राजा म्हणाला, “अमृतराव, आज घरून निघताना बायकोला काय म्हणालात?”

अमृतरावांनी मान खाली घातली. “येतो म्हणालो.”

“आणि ती माणसं गाडीत चढताना दिसली नाहीत?”

“दिसली, महाराज. पण थांबा मला नकोच होता. म्हणून शब्द तेवढा धरला.”

थांबा परत सुरू झाला. लेकीला कळा लागल्या तेव्हा हौसाबाई तिच्या उशाशी होती.

पुढे गावातले शहाणे म्हणू लागले, “आपलंच बोलणं चुकलं. आता ‘जातो’ म्हणत जाऊ.” हौसाबाईने त्यांना चांगले फैलावर घेतले. “जीभ आपली सरळच आहे. तिला कशाला वाकवता?”

तात्पर्य: मनात आधीच ठरवून जो विचारायला येतो, तो उत्तरातले सोयीचे तेवढेच धरतो. दोष बोलणाऱ्यांचा नव्हता, सावकाश गाडीचाही नव्हता. दोषी एकच, कारभारी अमृतराव.