चौघा-चौघांची सभा

महायुद्ध चाललेलं. पाच माणसं जमली की अटक, असा सरकारी हुकूम. शेंदवाडीचे नारू मास्तर त्यापायीच चावडीच्या कोठडीत पडले होते. अन् कलेक्टरसाहेब फोटोवाला घेऊन गावात आले, कशाला? तर आपलं सरकार जगाच्या स्वातंत्र्यासाठी लढतंय, हे सांगायला!

मैदानात मास्तरांची बायको ठकूबाई आणि तीन शेजारणी, एवढ्याच.

“गाव कुठाय?” साहेब कडाडले.

“घरात,” ठकूबाई म्हणाली. “पाचवा आला तर कोठडी, हुकूम तुमचाच. आठशे माणसं हाईत, चौघं-चौघं धाडते. तुम्ही दोनशेदा बोला की!”

फोटोवाला फिस्सकन हसला. फोटोत गर्दी तर हवीच होती; साहेबांनी चरफडत हुकूम मागं घेतला.

“मग गुन्हा कसला उरला?” ठकूबाई म्हणाली. “मास्तरांना सोडा, मगच गाव येईल!”

मास्तर सुटले तसं गाव मैदानात लोटलं. भाषण स्वातंत्र्यावरच झालं. पण गावानं पुढं केलं म्हणून बोलले मास्तर, आणि साहेबांनी ते पुढच्या रांगेत बसून ऐकलं.