जळणाऱ्या घरांची यादी

“कोणती घरं जळणार ते आधीच सांगा, म्हणजे गवत तेवढ्यांकडूनच घेऊ!” भुजंगराजांनी दरबारात फर्मावलं आणि जोखीमशाळेच्या आचार्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

राजधानीतली रीत अशी, की सुगी सरली की प्रत्येक घरानं गवताचा एक भारा आगकोठीत टाकायचा. वर्षभरात ज्याचं घर जळेल, त्याचं छप्पर त्यातून शाकारून मिळे. कोठीत किती भारे लागतील, तापाच्या साथीला वैद्यांकडे किती काढा हवा, हे अंदाज बांधायला जोखीमशाळेत शिकवत. शिक्षण बारा वर्षांचं, परीक्षा एकोणीस. आजवर सगळ्या परीक्षा पास झालेले एकटे आचार्यच, आणि त्यांची उत्तरं त्यांनीच तपासली होती.

यंदा राजांना वाटलं, ज्यांची घरं जळणारच नाहीत त्यांना उगाच त्रास कशाला? आठ दिवसांत यादी आली नाही तर कोठीतलं गवत हत्तींना घालायचं, असा हुकूम सुटला. विद्यार्थी बिचारे घरांच्या कुंडल्या मांडत बसले.

शाळेत माठ पोचवायला आलेल्या कुंभाराच्या गोजराला हे कळलं. मागच्या शिमग्यात तिचं घर जळालं होतं, ते कोठीच्या गवतानंच पुन्हा उभं राहिलं होतं. दारात माठ भाजायचा आवा, पुन्हा कधी ठिणगी उडेल याचा काय नेम?

“यादी मी देऊ का?” तिनं विचारलं.

“तू एक तरी परीक्षा दिलीस का?” आचार्य म्हणाले.

“न्हाई. पण आमचा आवा दर पंधरवड्याला घेतो की.”

ती थेट दरबारात गेली. “महाराज, यादी आठव्या दिवशी देते. आधी राजवाड्याचे शंभर माठ भाजू द्या. एकशेदहा घडवून ठेवलेत.”

“शंभरच मागितले होते. वरचे दहा कशाला?”

“भाजताना दहाएक तडकत्यात. आज्याच्या वेळेपासून तेवढेच.”

“मग ते दहा भाजूच नकोस. लाकूड वाचेल.”

“तेवढे निवडून द्या, महाराज.”

राजे हट्टाला पेटले. कुंभारवाड्यात जाऊन त्यांनी एकेक कच्चा माठ निरखला आणि दहांवर खिळ्यानं खूण केली. प्रधानांनी मान डोलावली, कारण त्यांचं कामच ते. गोजरानं राजांची परवानगी घेऊन सगळेच माठ आव्यात लावले.

तीन दिवसांनी आवा उघडला. दहा माठ तडकले होते. त्यात राजांच्या खुणेचा एकच होता, खुणेचे बाकीचे नऊ टणटणीत वाजत होते.

“माठांचं सोड,” राजे गुरगुरले. “यादी आण.”

आठव्या दिवशी गोजरानं शाळेच्या पोरांकडून लिहून घेतलेली गुंडाळी पुढं केली. “यंदा जी घरं जळतील ती समदी ह्यात हायती. एक जरी सुटलं तरी माझं नाक कापा.”

राजांनी गुंडाळी उलगडली. ती सिंहासनावरून घरंगळत पार दरवाजापर्यंत गेली. गावातलं प्रत्येक घर तिच्यात होतं. पहिलंच नाव होतं राजवाडा.

“आमचा वाडा जळणार?”

“ठाऊक न्हाई, महाराज. नको असंल तर खोडा. मग आग लागली तर कोठीत यायचं न्हाई, एवढंच.”

राजांनी लेखणी उचलली. वर सागवानी तुळयांकडे पाहिलं, खाली पेटलेल्या समयांकडे पाहिलं. लेखणी हळूच खाली ठेवली.

“राहू दे,” ते म्हणाले. “आमचाही एक भारा लिहून घे.”

“एक कसा? राजवाड्याला छपरं बावीस हायती.”

राजे असे खदखदून हसले की पगडी कानावर आली.

त्याच दुपारी हत्तींच्या पाठीवरून बावीस भारे कोठीत पोचले. गोजराला नदीकाठची मातीची जमीन इनाम मिळाली. शिवाय जोखीमशाळेत विसावी परीक्षा सुरू झाली, तीही कुंभारवाड्यात, आव्यापुढं. पहिल्यांदा आचार्यच बसले. या वेळी उत्तरं गोजरानं तपासली.