ढिगाला हाक मारणारी केराई

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. हिवरमाळ गावात ज्याला विचाराल तो आपल्या आजीच्या आजीपर्यंत मागे जातो आणि तिथंच दमून बसतो.

त्या काळी हिवरमाळात भागीरथी नावाची एक बाई होती. तिची मुलं जगत नव्हती. पाळणा हलायचा आणि थोड्याच दिवसांत थांबायचा. असं पुन्हा पुन्हा झालं, म्हणून पुढची मुलगी झाली तेव्हा सुईणीनं जुना उपाय काढला. मोठ्यांना तो ठाऊक असेल, लहानांसाठी सांगते. ज्या घरी मूल जगत नाही, त्या घरचं नवं बाळ फडक्यात गुंडाळून उकिरड्यावर ठेवायचं. मग शेजारणीनं ते उचलायचं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं विचारायचं, "हे कुनाचं?" आणि सगळ्यांनी म्हणायचं, "कुनाचंच न्हाई." म्हणजे मरण जवळपास टपून बसलेलं असलं, तरी त्याला वाटावं की ही टाकलेली वस्तू आहे, हिला नेऊन काय करायचं. त्यानंतर आईनं सूपभर कोंडा देऊन आपलंच मूल विकत घ्यायचं.

तसं झालं. पौषातली सकाळ होती, वारा अंगाला झोंबत होता. बाळाला ढिगावर ठेवून सुईण आणि शेजारीण आडोशाला उभ्या राहिल्या, आणि परत येऊन बघतात तर बाळ कुठंच दिसेना. ढिगावर नुसत्या चिमण्या बसलेल्या, पंखाला पंख लावून. त्या उडाल्या तेव्हा खाली मुलगी उबेत झोपलेली सापडली, असं म्हणतात. उकिरडा आतून गरमच असतो, असं सांगणारे शहाणे त्या काळीही होते. त्यांना आपण नमस्कार करू आणि पुढं जाऊ.

केरात ठेवलेली म्हणून तिचं नाव केराबाई पडलं. मरण फसलं आणि पोर जगली. पण एक गोष्ट राहून गेली. "कुनाचंच न्हाई" हे गावानं मरणाला ऐकवायला म्हटलं होतं. मूल हाती लागल्यावर ते मागं घ्यावं, हे कुणाला सुचलंच नाही.

केराबाई मोठी झाली, तिचं लग्न झालं, नवरा लवकर गेला आणि मूलबाळ काही झालं नाही. आई तर तिच्या लग्नाआधीच गेली होती. ती माहेरच्या गावी परत आली आणि गावानं तिला शाळूची राखण दिली. शाळू म्हणजे थंडीत दवावर पोसणारी ज्वारी. कणसं दुधात आली की आभाळातून पाखरांचे थवेच्या थवे उतरतात. मग शेतात चार खांबांवर माळा बांधतात, आणि राखणदार त्यावर उभा राहून गोफणीनं दगड फेकतो.

केराबाईला गाव केराई म्हणायचं. या केराईची गोफण नुसती वाजायची. तिच्या दगडानं पाखरू पडलेलं कुणी पाहिलं नाही. तिनं पाखरांशी करार केला होता, असं म्हणतात. बांधाकडचं पहिलं तास, म्हणजे ज्वारीची पहिली ओळ, पाखरांची. तिथं कितीही खा. त्याच्या आत चोच घातली की गोफण वाजली. आणि पाखरं ऐकायची. येसाजी पाटलांना हे काही पटेना. ते बांधावर येऊन म्हणाले, "केराबाई, पाखराला तास कळतं व्हय?"

"माणसाला बांध कळतो का, पाटील?" ती माळ्यावरून म्हणाली. पाटलांनी मागच्याच साली शेजाऱ्याचा बांध हातभर कोरला होता, म्हणून ते आल्या वाटेनं घरी गेले.

थंडी वाढली की ती कणसांच्या जुड्या बांधून आपल्या खोपटाच्या वळचणीला टांगायची, दारात मातीच्या परळात पाणी ठेवायची आणि जात्याखालच्या कण्या अंगणात टाकायची. सकाळी तिच्या दारात एवढा चिवचिवाट असायचा की गल्लीत कोंबड्याला कुणी विचारत नसे.

आता ऐका त्या काट्याच्या गोळ्याची गोष्ट, कारण हिवरमाळाची सगळी फजिती तिथंच झाली.

थंडीत लोक धसकटं, काटक्या, पालापाचोळा लोटून ढीग करायचे आणि संध्याकाळी शेकोटी पेटवायचे. एकदा असाच ढीग हलवला तर खाली एक गोळा. नारळाएवढा, अंगभर काटे, ना डोकं ना पाय. साळिंदर म्हणावं तर ते केवढं थोरलं, त्याचे काटे केवढे लांब. हे तर कुणी मुद्दाम करून ठेवल्यासारखं दिसत होतं. झालं, गावानं ओळखलं की ही शेजारच्या गावानं केलेली करणी आहे. लिंबाला सुया टोचतात, तसं त्यांनी काहीतरी मोठं टोचून आणून पुरलं. सगळे दहा पावलं मागं सरले आणि लांबूनच पलिता टाकायचं ठरलं.

केराबाई वाट काढत पुढं आली. तिनं परळात पाणी आणलं, गोळ्याशेजारी ठेवलं आणि बाजूला बसून राहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग गोळा जरासा सैल झाला, एक ओलं टोकदार नाक बाहेर आलं, मागून दोन मण्यांसारखे डोळे आले, आणि ती करणी लपलप पाणी प्यायला लागली.

"करणीला तहान लागत न्हाई," केराबाई म्हणाली.

त्या दिवसापासून ती पेटवायच्या आधी प्रत्येक ढिगापाशी जायला लागली. काठीनं हळू टकटक करायची आणि विचारायची, "कोन हाय का आत? या भाईर." मग थांबायची. कधी काट्याचा गोळा निघायचा, कधी सरडा, कधी बेडूक, बहुतेक वेळा काहीच नाही. थंडीनं कुडकुडणारी माणसं चिडायची, की बाई, रोज रोज काय हे. ती म्हणायची, "ढिगात कोनीतरी असतंच. मी व्हते."

लोक हात चोळत उभे राहायचे.

त्या गोळ्यांसाठी तिनं बांधाला एक मोठा ढीग रचला. खाली वाळका पाला, वर काटक्या आणि बोरीच्या फांद्या, आत जायला बारीकशी वाट. हा ढीग कुणी पेटवायचा नाही. थंडीभर काट्याची जनावरं त्यात झोपायची आणि गाव त्यांना हसत हसत केराईची लेकरं म्हणायचं.

अशी बरीच वर्षं गेली. केराबाईचे केस पिकले, गोफणीचा हात थकला. आणि मग एक वर्ष आलं की पावसानं पाठ फिरवली ती फिरवलीच. शाळू गुडघ्याएवढा वाढला आणि तिथंच थांबला. कणसं बोटाएवढी. गाव चावडीवर बसलं आणि ठरलं, यंदा पाखरांचं तास नाही. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, अशी गत, पाखरांना कुठून घालायचं? मी त्यांना नावं ठेवत नाही. ज्याच्या घरी लेकरू भाकर मागतं, त्याला थव्यातली चिमणी दिसत नाही.

केराबाईनं वाद घातला नाही. राखणीबद्दल तिला सुगीत धान्य मिळायचं. त्या साली मिळालं ते एका सुपात मावलं. त्यातली कणसं तिनं वळचणीला टांगली आणि दाणे अंगणात टाकले. माळावर दाणा नव्हता, म्हणून कुठकुठली पाखरं तिच्या दारी आली. लोक जाता येता बघायचे आणि म्हणायचे, म्हातारी वेडी आहे, सगळं पाखरांना घालते. मग ती स्वतः काय खाते, एवढं विचारायला कुणी थांबलं नाही. गावाला मी नावं ठेवते ती इथं.

फाल्गुन आला आणि होळी जवळ आली. होळी तर करायलाच हवी, पण जाळायला होतं काय? कडबा गुरांना पुरत नव्हता, झाडं खरडून झाली होती. कुणीतरी म्हणालं, बांधावरचा केराईचा ढीग आहे की आयता. पाटलांनीही मान डोलावली. दुपारी माणसं गेली आणि त्यांनी ढिगाच्या मधोमध एरंडाची फांदी रोवली. म्हणजे होळी तिथंच होणार हे पक्कं झालं.

केराबाई काठी टेकत आली. तिला धड उभं राहवत नव्हतं. "पाटील, हितं नगा करू होळी. आत लेकरं हायेत."

"केराबाई, यंदा लाकूड हाय कुठं? देवाचं काम हाय. तुझ्या काट्याच्या उंदरांसाठी होळी बंद ठेवू व्हय?"

"मग निदान हाक मारून पेटवा."

"बरं बरं," पाटील म्हणाले. हे बरं कसलं होतं, ते तिला कळलं. मंडळी हसत घरी गेली. बायका चुलीपुढं बसल्या. त्या साली पुरण कुणाकडं नव्हतं, गुळाचा खडा आणि भाकरी एवढाच नैवेद्य.

संध्याकाळी सगळं गाव बांधावर जमलं. सूर्य टेकला होता. येसाजी पाटलांनी काटक्यांची पेटती चूड हातात घेतली आणि ते ढिगाकडं निघाले. तेवढ्यात एक चिमणी आली आणि एरंडाच्या शेंड्यावर बसली. मग दुसरी आली. मग आभाळ भरलं, असं म्हणतात. चिमण्या, होले, साळुंक्या, पोपट, ज्या वेळी पाखरं आपापल्या झाडावर परततात त्या वेळी ती सगळी त्या ढिगावर उतरली. पंखाला पंख लावून बसली. काटकी दिसेना. लोकांनी हात हलवले, डफ वाजवला, एकानं गोफण फिरवली. एक पाखरू हललं नाही. पाटलांच्या हातातली चूड जळत जळत बोटांपाशी आली.

"ही करणी हाय," मागून कुणीतरी कुजबुजलं. हिवरमाळाला दुसरं काही सुचतच नसे.

पाटलांची सून सगुणा बायकांमध्ये उभी होती. सासऱ्यासमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी उघडलं. "मामंजी, केराई कुठं दिसत न्हाई."

सगळ्यांनी इकडंतिकडं पाहिलं. खरंच दिसत नव्हती.

"मामंजी, चूड विझवा. आधी हाक मारा."

पाटलांनी चूड मातीत दाबली. साऱ्या गावासमोर ढिगाला हाक मारायची त्यांना लाज वाटली, पण ते वाकले. काठीनं टकटक केलं आणि विचारलं, "कोन हाय का आत?"

गाव कान देऊन पुढं झुकलं. वारासुद्धा थांबला, असं म्हणतात. आणि ढिगाच्या आतून बारीक आवाज आला.

"हाय. पन हळू बोला, लेकरं निजल्यात."

पाखरं एकदम उडाली. लोक धावले. बोरीचे काटे हाताला लागत होते, तरी एकेक काटकी त्यांनी उचलून बाजूला ठेवली, ओढली नाही. आत केराबाई पाल्यावर कुशीवर पडली होती. गाव चुलीपुढं असताना ती लेकरांना काढायला आत शिरली होती आणि मग बाहेर यायला अंगात जीवच उरला नव्हता. तिच्या पोटाशी, हाताशी, मानेशी ती काट्याची जनावरं झोपली होती, आणि तिच्या अंगावर एक ओरखडा नव्हता.

सगुणानं तिला उचललं. केराबाईचं वजन तिला सूपभर कोंड्याएवढं लागलं, असं ती पुढं मरेपर्यंत सांगायची. तिला रडू आलं. तिनं म्हातारीला छातीशी धरलं, गावाकडं तोंड केलं आणि सगळ्या बांधाला ऐकू जाईल असं विचारलं, "हे कुनाचं?"

म्हाताऱ्या बायकांना आधी कळलं. त्यांच्या आयांनी या प्रश्नाला काय उत्तर दिलं होतं, ते त्यांनी ऐकलेलं होतं. एकीनं डोळ्याला पदर लावला आणि म्हणाली, "आमचं."

मग दुसरी म्हणाली, मग पुरुष म्हणाले, सगळ्यांत शेवटी पाटील म्हणाले. "आमचं." केराबाई ऐकत होती. तिनं डोळे उघडले नाहीत, पण हसली.

त्या साली हिवरमाळात होळी पेटली नाही. गुळभाकरीचा पहिला घास केराबाईला भरवला आणि लोक घरी गेले. ती पाटलांच्या सोप्यात राहिली आणि त्यानंतरही कितीतरी सुगी जगली. मग एका पौषात सकाळी तिचं अंथरूण रिकामं सापडलं. बांधावरच्या ढिगावर मात्र त्या सकाळी चिमण्या दाट बसल्या होत्या. कुणी त्यांना उडवलं नाही आणि कुणी खाली पाहिलं नाही.

आजही हिवरमाळात शाळू काढताना बांधाकडचं पहिलं तास तसंच सोडतात. त्याला केराईचं तास म्हणतात. दुष्काळातही सोडतात, तेव्हा तर आधी सोडतात. थंडीत प्रत्येक वळचणीला कणसांची जुडी असते आणि बांधावर एक ढीग असतो, त्याला कुणी काडी लावत नाही.

आणि होळीच्या संध्याकाळी गावातला सगळ्यांत मोठा माणूस पुढं होतो. होळीवर काठीनं टकटक करतो आणि विचारतो, "कोन हाय का आत?" सगळं गाव श्वास धरून थांबतं. आतून काही आलं नाही की गावची सगळ्यांत नवी सून, जिचं अजून कुणाशी धड बोलणंही झालेलं नसतं, ती मोठ्यानं विचारते, "हे कुनाचं?" लहान पोरंसुद्धा बेंबीच्या देठापासून उत्तर देतात, "आमचं." मगच काडी ओढतात.