करवतीचं झाकण

जयवंतशेठच्या लाकडाच्या वखारीत यांत्रिक करवतीनं भैरू सुताराच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली. त्यानं नुकसानभरपाईचा दावा लावला, तशी माणसंही गेली. वखारीतलं कुणी त्याच्याशी बोलेना. कामगार न्यायालयात शेठच्या बाकावर दाटी, भैरूच्या बाकावर भैरू एकटा. बायको असती तर निदान शेजारी बसली असती.

शेठनं एक लोखंडी झाकण न्यायाधीशांपुढे ठेवलं. "साहेब, करवत घेतली त्या दिवसापासून हे तिच्यावर आहे. यानंच ते काढून ठेवलं, मग बोटं जाणारच." बाकावरच्यांनी माना डोलावल्या.

न्यायाधीश भैरूला म्हणाले, "तुम्हाला काही विचारायचंय?"

भैरू उठला. "शेठ, खंडेनवमीला आपण हत्यारांची पूजा करता ना?"

"दरवर्षी, माझ्या हातानं," शेठ छाती काढून म्हणाले. "तेलात कालवलेलं कुंकू लावतो. एक खिळा सुटत नाही, आणि लावलेलं कुणाला पुसू देत नाही."

"खरंय. करवतीचा सांगाडा अजून लाल आहे. मग एवढ्या वर्षांत या झाकणानंच आपलं काय वाकडं केलं, की त्याला कुंकवाचा ठिपकाही लागला नाही?"

न्यायाधीशांनी झाकण उलटंपालटं करून पाहिलं. डोलणाऱ्या माना खाली गेल्या.

निकाल भैरूच्या बाजूनं लागला. बाहेर मात्र त्याच्यासाठी कुणी थांबलं नव्हतं.

धरता येत नाहीत म्हणून हत्यारं त्यानं देऊन टाकली होती. पुढच्या खंडेनवमीला त्यानं आपला उजवा हात पाटावर ठेवला आणि डाव्या हातानं त्याला कुंकू लावलं.