सुपडू मिस्त्री आणि उलटे चिमटे

सातपुड्याच्या पायथ्याशी खडकाळी नावाचे गाव आहे. तिथे सुपडू नावाचा एक मिस्त्री राहत असे. एसटी थांबते त्या वळणावर त्याचे गॅरेज होते. तीस वर्षे त्याने मोटरसायकली दुरुस्त केल्या. नुसता आवाज ऐकून तो गाडीचे दुखणे सांगायचा. मिस्त्रीने हात लावला की गाडी चालू होणारच, असे लोक म्हणत. ऐकून ऐकून मिस्त्रीलाही ते खरे वाटू लागले होते. ‘मला येत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कोणी कधी ऐकले नव्हते.

दर मंगळवारी त्या गावात ऊर्मिला वळवी नावाच्या डॉक्टर येत आणि शाळेच्या ओट्यावर बसून रोगी तपासत. डोंगरातले रस्ते वाईट, म्हणून त्या एक उंच, भरभक्कम ॲडव्हेंचर मोटरसायकल चालवत. दगडगोट्यांतून, पाण्यातून ती सहज जाई.

श्रावणातल्या एका मंगळवारी दुपारी त्यांचा फोन वाजला. डोंगरापलीकडच्या आंबापाड्याहून तिथली नर्स बोलत होती. गवत कापताना रुमाबाई नावाच्या बाईला घोणस चावली होती. पाय मांडीपर्यंत सुजला होता. उपकेंद्रातले विषावरचे औषध संपलेले होते. पूल पुरात वाहून गेल्यामुळे जीप तिकडे जाऊ शकत नव्हती. औषध डॉक्टरबाईंच्या बर्फाच्या पेटीत होते, आणि ओढ्यातून पलीकडे जाईल अशी गाडीही त्यांचीच होती.

त्यांनी पेटी गाडीला बांधली आणि बटण दाबले. आतून नुसते टकटक वाजले. सकाळच्या धुक्यात लावलेले मोठे दिवे तसेच चालू राहिले होते. बॅटरी पार उतरली होती.

कोणीतरी धावत जाऊन मिस्त्रीला घेऊन आले. तोवर पन्नासएक माणसे जमली होती. चार तरणे पुढे होऊन म्हणाले, “ढकलून चालू करू.”

मिस्त्रीने मान हलवली. “ही तशी गाडी नाही. हिचा पेट्रोलचा पंपसुद्धा बॅटरीवर चालतो. उगाच दमाल.”

हे त्याचे म्हणणे खरे होते. मग डॉक्टरबाईंनी बॅगेतून हातभर वायरी असलेला एक छोटा डबा काढला. वायरींच्या टोकांना दोन चिमटे होते, एक लाल आणि एक काळा.

“हा जंप स्टार्टर. यातली वीज देऊन गाडी चालू करतात. भावाने दिलाय, पण मी कधी वापरला नाही. काका, तुम्हाला येतं ना?”

मिस्त्रीने असला डबा आयुष्यात पाहिला नव्हता. त्याने भोवतालच्या माणसांकडे पाहिले.

“येतं की. त्यात काय आहे?”

डब्याबरोबर एक घडी घातलेला कागद होता. डॉक्टरबाईंनी तो पुढे केला. “हे आधी वाचू या का?”

“वाचत बसलो तर तिकडे बाई जाईल,” मिस्त्री म्हणाला.

त्याने सीट काढली. खाली अडचणीच्या जागेत बॅटरी होती. तिच्यावर चिखल बसला होता आणि दोन्ही वायरी सारख्याच काळ्या दिसत होत्या. त्याच्या ओळखीच्या गाड्यांत प्लसचे टोक डावीकडे असे. त्या अंदाजाने त्याने लाल चिमटा डावीकडे लावला, काळा उजवीकडे. लावताक्षणी डबा पी-पी करून ओरडू लागला. त्यावर लाल दिवा लुकलुकला. मिस्त्रीने झटकन दोन्ही चिमटे काढले.

डॉक्टरबाईंनी विचारले, “डबाच बिघडलाय का?”

मिस्त्री खाली वाकला. डाव्या टोकाजवळचा चिखल त्याने अंगठ्याने पुसला. तिथे उणेची खूण होती. त्याने चिमटे उलटे लावले होते, म्हणून डबा ओरडला होता. डब्याने अडवले नसते तर उलटी वीज जाऊन गाडीतली नाजूक यंत्रे जळाली असती, कदाचित बॅटरीही फुटली असती.

हे त्याला एकट्यालाच कळले होते. ‘हो, डबा खराब आहे,’ एवढे म्हटले की झाले. तीस वर्षांचे नाव शाबूत राहिले असते. डॉक्टरबाई पेटी डोक्यावर घेऊन पायी निघाल्या असत्या. पाड्यावर पोचायला त्यांना चार तास लागले असते. रुमाबाईंना मिस्त्री ओळखतही नव्हता. त्याने गाडीला बांधलेल्या पेटीकडे पाहिले.

“डबा चांगला आहे, ताई,” तो म्हणाला. “चिमटे मी उलटे लावले. मला हे येत नाही. येतं म्हणालो ते खोटं होतं.”

गर्दीत मागे कोणीतरी हसले. मिस्त्रीने मान वर केली नाही. “तो कागद वाचा. एकेक ओळ वाचा. मी तसंच करतो.”

डॉक्टरबाई वाचू लागल्या. “किल्ली बंद करा. दिवे बंद करा.”

“केले.”

“बॅटरी फुगली असेल किंवा गळत असेल तर पुढे जाऊ नका.”

मिस्त्रीने चारी बाजूंनी बॅटरी पाहिली. ती धड होती. मग त्याने फडक्याने दोन्ही टोके लख्ख पुसली.

“आधी लाल चिमटा प्लसला लावा.”

“ताई, तुम्हीही बघा. ही अधिकचीच खूण ना?”

“हो, तीच.”

“काळा चिमटा बॅटरीपासून लांब, इंजिनाच्या उघड्या धातूला लावा. चिमटे एकमेकांना टेकू देऊ नका.”

मिस्त्रीने तसेच केले. या वेळी हिरवा दिवा लागला. डॉक्टरबाईंनी किल्ली फिरवून बटण दाबले. इंजिन घरघरले आणि बंद पडले.

“दाबा, दाबा, दाबून धरा,” लोक म्हणू लागले.

मिस्त्रीने हात वर करून सगळ्यांना थांबवले. “कागद काय म्हणतो?”

“पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबायचं नाही. नाही झाली चालू, तर एक मिनिट थांबायचं.”

“मग थांबायचं.”

ते एक मिनिट फार मोठे होते. पेटीतून बर्फाचे पाणी थेंब थेंब गळत होते. मिनिट भरल्यावर डॉक्टरबाईंनी पुन्हा बटण दाबले, आणि इंजिन चालू झाले.

“आता आधी काय काढू?” मिस्त्रीने विचारले.

“आधी काळा, मग लाल.”

त्याने चिमटे काढले आणि सीट नीट बसवली. “वाटेत गाडी बंद करू नका. थांबलात तरी इंजिन चालू ठेवा,” तो म्हणाला. हे त्याने कागदावरून सांगितले नाही. एवढे त्याला त्याच्या कामातून ठाऊक होते. डॉक्टरबाईंनी मान डोलावली आणि गाडी डोंगराकडे वळवली.

आठवडाभर चहाच्या टपरीवर लोकांनी मिस्त्रीची थट्टा केली. काहींनी आपल्या गाड्या तालुक्याला न्यायला सुरुवात केली. मिस्त्री आपले काम करत राहिला. नवी गाडी आली की मात्र तो आधी विचारायचा, “हिचं पुस्तक आणलंय का?”

पुढच्या मंगळवारी डॉक्टरबाई शाळेत जाण्याआधी गॅरेजपाशी थांबल्या.

“रुमाबाई वाचल्या, काका. अजून चालता येत नाही, पण चालतील. आणखी तासभर उशीर झाला असता तर माझ्या हातात काही राहिलं नसतं.”

मिस्त्री हातातला पाना पुसत राहिला.

“त्या दिवशी तुम्ही डबा खराब आहे म्हणाला असतात,” त्या म्हणाल्या, “तर मला ते खरंच वाटलं असतं.”

मिस्त्रीने पाना खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “म्हणणारच होतो, ताई.”

तात्पर्य: आपली चूक कोणाच्या ध्यानात आलेली नसतानाही जो ती वेळेवर कबूल करतो, त्याच्याच हाती दुसऱ्याचा जीव सोपवावा; नाव गेले तर पुन्हा मिळवता येते, गेलेला जीव परत येत नाही.