ठकूवहिनीचं मागचं दार

हेदवळात एकाही घरावर कौल चढलं नव्हतं, सगळी घरं भाताच्या पेंढ्यानं शाकारलेली होती, पेंढ्यात उंदीर असत आणि उंदरांच्या मागानं साप येत, तेव्हाची ही गोष्ट. किती वर्षं झाली ते कुणी मोजलेलं नाही. ठकूवहिनीला ज्यांनी पाहिलं त्यांना पाहिलेली माणसंही आता उरली नाहीत. तरी गावातली ऐंशी वर्षांची म्हातारी तिला वहिनी म्हणते आणि तिची पणतीही वहिनीच म्हणते. ती कुणाची आजी झाली नाही की पणजी झाली नाही. इतकी वर्षं ती गावात नवीच आहे.

त्या काळी घरात साप शिरला की सारं गाव मदतीला धावायचं. हा हेदवळचा चांगुलपणा होता आणि चूकही तीच होती. संकट आलेल्या घरी दर घरातून एक माणूस तरी दारात जाऊन उभं राहिलं पाहिजे, असा गावचा दंडक होता. कोण आलं, कोण आलं नाही, हे पुढे वर्षभर बोलून दाखवलं जाई. म्हणून सगळे येत, दारात उभे राहत, थाळ्या बडवत आणि आतल्या जनावराला बाहेर हो म्हणून ओरडत. ते बाहेर होणार कुठून, हे कुणाच्या मनात येत नसे. दार तर मदतीनं भरलेलं असे.

अशा गावात ठकू लग्न होऊन आली. घाटावरच्या कुंभाराची लेक, कुंभारवाडीतल्या सोनूची बायको. बोलणं बेताचं, नजर मात्र चौकस. माप ओलांडताना तिचा पाय अंमळ जोरात लागला आणि तांदूळ पार माजघरापर्यंत पसरले. तांदळामागे उंदीर धावला, उंदरामागे कणगीच्या आडून नाग निघाला, आणि उंदीर कुठल्या कुठे गेला तरी नाग मात्र देव्हाऱ्याखाली वेटोळं घालून बसला. मनगटाएवढा जाड होता, असं म्हणतात. कुणी दंडाएवढाही सांगतात. सांगणाऱ्याचा दंड कसा आहे त्यावर ते अवलंबून असतं.

झालं, दारात गाव जमलं. लग्नघरच असल्यामुळे थाळ्यांना तोटा नव्हता. पण त्या दिवशी पेच असा पडला, की नागाला मारता येत नव्हतं, कारण तो देवापाशी बसला होता. आणि हाकलता येत नव्हतं, कारण हाकलायचं त्या दारात माणसं होती. मग गावचे गुरवबाबा पुढे झाले. ते ज्या त्या गोष्टीचं कारण सांगत, आणि कारण सांगितलं की लोकांना बरं वाटे. त्यांनी सांगितलं की हा सुनेचा पायगुण. ती आली, तिच्या पावलावर पाऊल ठेवून जनावर आलं. दिवेलागणीपर्यंत ते आपल्या आपण गेलं तर ठीक. नाही गेलं, तर जिच्यासोबत आलं तिच्यासोबतच परत जाऊ दे.

ठकूची पाठराखीण म्हणून आलेली मावशी हे ऐकून एका कोपऱ्यात गुपचूप गाठोडं बांधायला लागली. तिला जग ठाऊक होतं. पायगुणावरून परत आलेल्या पोरीला दुसरा उंबरठा मिळत नसे. जन्मभर भावजयांच्या हाताखाली राख चाळत बसायचं. दुपार कलायला लागली होती आणि ठकूच्या हळदीच्या पायांजवळ तिचा सगळा जन्म टांगणीला लागला होता.

ठकूनं रडून घेतलं असेल, नसेल. पण तिनं नागाकडे नीट पाहिलं, असं म्हणतात. बाहेर थाळी वाजली, पाय आपटले, की तो फणा काढी. जरा शांत झालं की फणा खाली घेई आणि भिंतीच्या कडेकडेनं तोंड फिरवून वाट चाचपे. ठकूला हे ओळखीचं वाटलं. सकाळपासून तीही पन्नास डोळ्यांसमोर अशीच उभी होती, कुठलं दार कुठं निघतं ते ठाऊक नाही, आणि कुणाला विचारायची सोय नाही. हा काही चाल करून आलेला नाही, हा चुकलाय, हे तिनं ताडलं.

मग ती सासूच्या कानाशी गेली. सासूचं नाव यशोदा, पण सगळे यसूआई म्हणत. ठकूनं हळूच विचारलं, "आत्याबाई, मागचं दार कुठं?"

नागापेक्षा गावाला नवलाचं हेच वाटलं. नवी नवरी पहिल्याच दिवशी, दहा माणसांत, आपणहून बोलली.

यसूआईनं बोटानं माजघराचं दुसरं टोक दाखवलं. तिथं दार दिसतच नव्हतं. जमिनीपासून आढ्यापर्यंत मडक्यांवर मडकी रचलेल्या सात उतरंडी होत्या. दार त्यांच्यामागे होतं.

त्या दारालाही गोष्ट होती, आणि ती वाडीत सगळ्यांना माहीत होती. यसूआई सून होऊन आली तेव्हा तेरा वर्षांची होती. मागच्या दारातून घाटाची वाट दिसते, आणि त्या वाटेवर तिचं माहेर. पहिल्या वर्षी ती तीनदा त्या वाटेला लागली, तीनदा धरून आणली. मग तिच्या सासूनं दार ओढून घेतलं आणि समोर उतरंडी रचल्या. कुंभाराच्या घरी मडक्यांना काय कमी. पुढे सासू गेली, पण उतरंडी तशाच राहिल्या. दर सणाला यसूआई त्या पुसायची, हलवायची मात्र नाही. बावीस वर्षं झाली होती.

ठकू म्हणाली, उतरवूया. यसूआईनं एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा मडक्यांकडे पाहिलं आणि पदर खोचला.

पण आधी गावाला दारातून हलवायला हवं होतं, आणि मदतीला आलेल्या माणसांना जा म्हणायची हेदवळात रीत नव्हती. यसूआईनं ते सांभाळलं. तिनं पुढे होऊन सांगितलं की खळ्यात पत्रावळी मांडल्यात, खीर वाढतायत, आणि गूळ यंदा कमी आलाय. नागाबद्दलची उत्सुकता जागच्या जागी निम्मी झाली. बघता बघता दार मोकळं झालं. मावशीही गाठोड्यासकट खळ्यात गेली. गुरवबाबा तेवढे सगळ्यांच्या शेवटी गेले असं त्यांच्या घरात सांगतात. बाकीचं गाव त्यांना पहिल्या पंगतीत बसवतं.

मग घरात उरल्या त्या दोघी, आणि सोनू. सोनूनं काय केलं हे कुठल्याच गोष्टीत येत नाही. तो ओट्यावर उभा होता, एवढं मात्र सगळे सांगतात.

ठकू एकेक मडकं उचलायची आणि यसूआईच्या हातात द्यायची. यसूआई ते चुलीच्या खोलीत नेऊन ठेवायची. टाच टेकवायची नाही, बांगडी वाजू द्यायची नाही, मडक्याला मडकं लागू द्यायचं नाही. तसा धक्का बसला की नाग उभा राहणार. सात उतरंडी, एकेकीत नऊ मडकी. सासूसुनेची ओळख अजून नीट झाली नव्हती, पण तिसऱ्या उतरंडीनंतर ठकूनं हात पुढे करायच्या आधी यसूआईचे हात तिथं असायचे.

शेवटच्या मडक्यावरची झाकणी निसटली. ती जमिनीवर पडून फुटली, आणि नाग कमरेएवढा उभा राहिला. ठकू होती तिथंच खाली बसली, मांडी घालून, हात मांडीवर ठेवून. यसूआई मडकं डोक्याशी धरून खांबासारखी थांबली. घटकाभर माजघरात तिघं होती आणि तिघंही हलत नव्हती. खळ्यातून कुणीतरी आणखी खीर मागितलेली ऐकू येत होती. शेवटी नागानंच माघार घेतली आणि तो हळूहळू खाली झाला.

दार फुगलं होतं, कडी गंजली होती. यसूआईनं मडकं खाली ठेवलं आणि खांदा लावला. पहिल्यांदा हललं नाही. दुसऱ्यांदा हललं नाही. तिसऱ्यांदा दार उघडलं आणि उन्हाचा एक पट्टा जमिनीवरून सरळ देव्हाऱ्यापर्यंत पसरला.

ठकू बसल्या जागेवरून म्हणाली, "जा बाबा. वाट ती तिकडं."

तो त्या उन्हावरून निघाला. वाटेत ठकू बसली होती, तिला वळसा घालायला जागा होती, पण तो तिच्या पावलावरूनच गेला आणि पावलाची ओली हळद त्याच्या फण्याला लागली, असं म्हणतात. पुढे कितीतरी वर्षं हेदवळच्या शेतात पिवळ्या फण्याचा एक नाग दिसायचा. कापणीच्या वेळी तो विळ्यांच्या पुढे पुढे सरकायचा आणि कुणाला कधी चावला नाही. त्याच्या डोक्यावर मणी होता असंही गुरवांच्या घरी सांगतात. कुंभारवाडीत हळदीवर भागतं.

गाव जेवून आलं तेव्हा दोन्ही दारं सताड उघडी होती आणि घरातून वारा वाहत होता. दिवेलागणीला अजून वेळ होता. पण गुरवबाबांनी कारण एकदा सांगितलं होतं, ते परत घ्यायचं कसं. त्यांनी म्हटलं की जनावर गेलं ते ठीक, पण पायगुण राहतोच. मावशीनं गाठोडं तसंच मांडीवर धरलं. ठकू खाली बघत उभी राहिली.

यसूआईचा खांदा सोलवटला होता. तो चोळत ती म्हणाली, "पायगुण तिचाच, बाबा. बावीस वर्षांनी माझ्या घराचं हे दार उघडलं."

यावर गुरवबाबांना कारण सुचलं नाही. त्यांच्या आयुष्यात तो एकच प्रसंग, असं म्हणतात.

मग यसूआई सुनेकडे वळली. "दार उघडं आहे गो. जायचं तर ती घाटाची वाट. राहायचं तर हातपाय धू नि जेव. खीर ठेवलीय झाकून."

ठकू त्या दारातून बाहेर गेली. सगळे बघत राहिले, मावशीसुद्धा उठली. ठकूनं परसातल्या डोणीतलं पाणी पायांवर घेतलं, घाटाकडे एकदा पाहिलं आणि आत येऊन पान मांडून बसली. त्या दुपारी ती दोनदा खीर मागून जेवली.

त्यानंतर हेदवळात कुठल्याही घरात जनावर शिरलं की वहिनीला हाक जाऊ लागली. तिची रीत ठरलेली. आधी दारातल्या मंडळींना खळ्यात बसवायचं. मग घरच्यांना ओट्यावर, तोंड मिटून. मग लांबचं दार उघडायचं आणि स्वतः मांडी घालून वाट बघायची. ज्या घराला दुसरं दार नसे तिथं ती काळं मडकं भिंतीशी आडवं ठेवी. बसायला अंधारी जागा मिळाली म्हणून साप आपणच आत जाई, आणि वहिनी मडक्याच्या तोंडाला फडकं बांधून त्याला रानात सोडून येई. एका घरात तिला तीन दिवस बसावं लागलं. त्या घरातले दोन भाऊ भांडत होते. तीन दिवस बोलायला बंदी झाल्यावर भांडण कशावरून होतं ते दोघंही विसरले.

ब्राह्मणआळीत स्वयंपाकघरात साप निघाला तेव्हाही तिलाच बोलावलं. तो गेल्यावर चूल दोनदा सारवली, एकदा सापासाठी आणि एकदा तिच्यासाठी. पुढच्या वर्षी पुन्हा साप निघाला, पुन्हा ती गेली. त्या वेळी एकदाच सारवली. तिसऱ्या वर्षी सारवायचं राहूनच गेलं.

आणि एका वर्षी नदीला असा पूर आला की सगळी बिळं बुडाली आणि एकाच दुपारी चाळीस घरांत साप शिरले. एवढ्या घरांना एक वहिनी कशी पुरणार, म्हणून लोक हवालदिल झाले. पण संध्याकाळी सगळे एकमेकांना भेटले तेव्हा कळलं की त्या दुपारी वहिनी प्रत्येकाच्याच माजघरात मांडी घालून बसली होती. चाळीसच्या चाळीस घरांनी ते शपथेवर सांगितलं. तिला विचारलं तर ती म्हणाली, मी तर घरी मडकी करत होते, तुम्ही दारं उघडली असतील.

ती गेली ती भरदुपारी, चाक फिरत असताना. मातीचा गोळा चाकावर तसाच फिरत राहिला. वारा नव्हता, तरी गावातली सगळी मागची दारं आपोआप उघडली, असं म्हणतात. तिला नेलं तेव्हा बांधावरून एक पिवळा फणा मागोमाग येत होता, लांबच्या नातेवाइकासारखा, जरा अंतर ठेवून.

आता हेदवळात पेंढ्याची घरं नाहीत. स्लॅब आहेत, लोखंडी ग्रिल आहेत, आणि बाहेरगावचा मिस्त्री घराचा नकाशा काढतो. पण मागचं दार नसलेलं घर इथं कुणी बांधून घेत नाही. जागा नसली तर बाथरूम लहान करतात. आणि सून घरात आली की देवाला नमस्कार करायच्याही आधी सासू तिचा हात धरून तिला मागच्या दाराशी नेते, दार उघडते आणि म्हणते, "ही बाहेरची वाट. वहिनीनं उघडलेली आहे, आम्ही लावत नाही."

एक सून हसली. एक रडली. एक खरंच बाहेर गेली, कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या तोडून आत आली आणि तिनं चहाचं पातेलं कुठं आहे म्हणून विचारलं. त्या दारातून कायमचं असं कुणीच गेलं नाही, हे गाव अभिमानानं सांगतं. ते काही खरं नाही. दोघी गेल्या. जाताना उंबरठ्याला हात लावून, वहिनीचं नाव घेऊन गेल्या. त्यांच्या सासवांनी दार लावून घेतलं नाही. त्यातली एक सासू अजून आहे. कुणी विचारलं तर म्हणते, पोर नीट पोचली, फोन आला होता.