सहाशे रुपये कमी करा

“म्हणजे माझा पगार वाढला की घटला, तेवढं सांगा बुवा!”

हिरागिरी बुवा पळसाची पानं काडीने टाचत होते. मठातल्या पत्रावळी ते स्वतःच लावत. मठ माळावर. माळाच्या पायथ्याशी कारखान्यांच्या शेडी.

“वाढला म्हणून तूच पेढे वाटलेस.”

“वाटले.”

“मग वाढला.”

“बाराशे वाढले. हातात जास्त आले चारशे तेरा.”

“मग थोडा वाढला.”

“चेष्टा नका करू बुवा.”

विचारणारा वैजनाथ ढाकणे. वय चोवीस. खालच्या एका कारखान्यात तीन वर्षं हेल्पर. स्वतःला बुवांचा शिष्य म्हणवून घेई. बुवा त्याला नुसतं वैजू म्हणत.

मार्चमध्ये या वैजूने तेरा हेल्पर सोबत घेतले आणि थेट मॅनेजरच्या केबिनमध्ये घुसला. टेबलावर हात आपटला. आमचं भागत नाही म्हणाला. एप्रिलपासून चौदाही जण ऑपरेटर झाले. वीस हजार चारशेचे एकवीस हजार सहाशे झाले. पोरांनी त्याला गेटपासून चौकापर्यंत खांद्यावरून नेलं.

मग मे महिन्यात वाढीव पगाराची पहिली स्लिप आली.

“बाराशेतले बाकीचे कुठे गेले?” बुवांनी विचारलं.

“मूळ पगार वाढला, म्हणून पीएफ जास्त कापला.”

“तो कुणाला मिळतो?”

“मलाच. पुढे.”

“मग गेला कुठे?”

“गेला नाही... पण आलाही नाही.”

बुवांनी मान हलवली. त्यांनाही कळलं नसावं.

“आणि हेल्परला बस-कँटीन फुकट होतं. ऑपरेटरला पैसे पडतात. पाचशे ऐंशी.”

“जेवण तेच?”

“तेच. डाळसुद्धा तीच, पातळ.”

बुवा हसले. वैजू हसला नाही.

“तेवढंच असतं तर इथवर चढून आलो नसतो. ईएसआयचं कार्ड बंद होणार.”

“ते काय असतं?”

“पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर कामगाराला आणि घरच्यांना दवाखाना, औषध, सगळं फुकट. एकवीसच्या वर गेला की नाव कमी. आपलं डिसेंबरपर्यंत चालेल म्हणतात. पुढे नाही.”

बुवांचा हात थांबला.

वैजूच्या आईला सांध्यांचा आजार होता. महिन्याला एक सुई लागे. सुई चुकली की हाताची बोटं मिटत नसत. भाकरी थापणं लांबच, स्वतःची वेणीसुद्धा होत नसे. बाहेर ती सुई नऊ हजारांना होती. कार्डावर फुकट.

“कंपनीचा विमा आहे म्हणे,” वैजू म्हणाला. “त्यात आई बसत नाही. बायको बसते. बायको मला नाही.”

“आईला सांगितलंस?” बुवांनी विचारलं.

“नाही. ती गल्लीत सांगत फिरतेय, पोरगा ऑपरेटर झाला म्हणून. काय सांगू तिला? चारशे तेरा आले आणि नऊ हजार जाणार? मी बी.ए. झालोय बुवा, तरी मला हे गणित सुटत नाही. वाढ मिळाली आणि मी खाली गेलो. मग वर कसा जाणार? अजून वाढ मागून?”

“किती कमी झाले तर कार्ड राहील?”

“सहाशे.”

“मग सहाशे कमी करून माग.”

वैजू बघतच राहिला.

“पगार कमी करून मागू? मी?”

“मग कोण मागणार? मी?”

“बुवा, कंपनीत असं कुणी मागत नाही. तेरा जण काय म्हणतील? ह्यानेच आम्हाला पुढे नेलं आणि हाच मागे पळाला!”

“त्यांच्या घरी आजारी कोण?”

“दोघांच्या घरी आहे.”

“मग तिघं जा.”

“आधी माझ्याच तोंडातून निघू दे.”

बुवांनी पानं बाजूला सारली. उठले. बाजेवर जाऊन बसले. पायावर पाय टाकला. नाकावरचा चष्मा डोक्यावर चढवला.

“बोल,” ते म्हणाले. “मी मॅनेजर.”

“बुवा...”

“कोण बुवा? वेळ नाही मला. काय काम आहे ढाकणे?”

वैजू इकडेतिकडे बघू लागला. मठात आणखी कुणी नव्हतं.

“साहेब, पगाराचं बोलायचं होतं.”

“परत? आत्ताच तर वाढवला. अजून पाहिजे?”

“नाही साहेब.”

“मग?”

“ते... म्हणजे... ते जरा...”

“मोठ्याने बोल. मार्चमध्ये तर टेबल फोडत होतास.”

वैजूने छाती पुढे काढली.

“साहेब, कायद्यानुसार माझ्या एकूण वेतनाची पुनर्रचना होऊन...”

“मराठीत सांग.”

“सहाशे रुपये कमी करा!”

बुवा हसले. चांगले खदखदून हसले. मांडीवर थाप मारली, डोळे पुसले, पुन्हा हसले. खाली वाटेने जाणारी बाई थांबून वर बघू लागली.

वैजूचे कान लाल झाले.

“हसायला काय झालं?”

“साहेब हसतील ना. सवय कर.” बुवांनी परत तोंड गंभीर केलं. “नाही होत ढाकणे. बढतीचं पत्र निघालं. तुझ्या एकट्यासाठी पत्र बदलू?”

“बदला.”

“का बदलू?”

“मी चौदा जणांचा पुढारी आहे म्हणून!”

“पुढाऱ्याला काय धाड भरलीय सहाशेची? जा, मशीनवर जा.”

“साहेब, हा अन्याय आहे!”

“वाढ दिली तो अन्याय?”

वैजू जोत्यावर बसला. हाताची बोटं दुमडली, उघडली, दुमडली.

बुवा बाजेवरून हलले नाहीत.

“ढाकणे, अजून आहेस?”

“हो साहेब.”

“काय पाहिजे?”

“आईची सुई आहे साहेब. महिन्याला एक. ती चुकली की तिला पाण्याचा तांब्या उचलवत नाही. मी कामाला आलो की घरी कुणी नसतं.”

“मग?”

“मला हेल्पर ठेवा. काम ऑपरेटरचं करतो. पत्रावर काय लिहायचं ते लिहा. मी चुकीचं मागितलं असेल मार्चमध्ये... मला ठाऊक नव्हतं. सहाशे कमी करा साहेब.”

शेवटचे शब्द ऐकायला बुवांना पुढे वाकावं लागलं.

ते बाजेवरून उतरले. वैजूच्या शेजारी जमिनीवर बसले.

“उद्या पहिल्या पाळीला जा. आधी आईला सांग, मग साहेबाला.”

“आणि साहेब नाही म्हणाले तर?”

“परवा जा.”

वैजू उठला. चार पावलं गेला आणि मागे वळला. त्याच्या चेहऱ्यावर आला तेव्हाचाच गोंधळ होता. उलट वाढलाच होता.

“पण बुवा, खरं सांगा. मार्चमध्ये मी बाराशे जास्त मागितले. आता सहाशे कमी मागतोय. मग जास्त कधी मागितलं?”

बुवा पान उचलून काडी शोधू लागले.

“आवाज जेवढा खाली गेला,” ते म्हणाले, “तेवढं जास्त मागितलंस.”